मांडव उतरल्यानंतरची फेरी : लंडनमधला १९५१ चा ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ आज दाखवायचा कसा?

हेरिटेज वॉक काढायचा तर दाखवायला काहीतरी हवं. देऊळ, वाडा, पूल, निदान एखादा शिलालेख. पण जिची फेरी काढायची तीच गोष्ट ठरवून मोडून भंगारात विकलेली असेल तर? लंडनमधल्या काही मराठी घरांचा आमचा एक हौशी गट आहे. सुट्टीच्या दिवशी शहराचा एखादा भाग चालत बघायचा, एवढंच त्याचं काम. गटात एक वास्तुविशारद आहे, तिला सगळे ताई म्हणतात, आणि बहुतेक फेऱ्या तीच नेते. तिने ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ हा विषय काढला तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. त्या फेरीची आखणी कशी झाली, वाटेत काय अडलं आणि शेवटी ती दोन तुकड्यांत का तोडावी लागली, याची ही नोंद. पुण्या-मुंबईत अशा फेऱ्या काढणाऱ्यांना तिचा उपयोग होईल, कारण नाहीशा झालेल्या जागा दाखवण्याची वेळ तिथेही येतेच.

आधी विषय थोडक्यात. १८५१ मध्ये हाइड पार्कात क्रिस्टल पॅलेस उभारून जे महाप्रदर्शन भरलं, त्याची शताब्दी साजरी करावी ही सूचना युद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने केली होती. १९४५ मध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’चे संपादक जेराल्ड बॅरी यांनी तीच मागणी जाहीर पत्रातून लावून धरली, आणि पुढे तेच या उत्सवाचे महासंचालक झाले. आधी आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवायचा विचार होता. पैसे नाहीत म्हणून तो बारगळला आणि ब्रिटनने ब्रिटनबद्दल भरवलेला राष्ट्रीय उत्सव तेवढा उरला. मजूर पक्षाच्या सरकारात हे खातं हर्बर्ट मॉरिसन यांच्याकडे होतं. देशाला एक टॉनिक पाजायचं, अशी त्यांची भाषा.

टॉनिकची गरज होतीच. युद्ध संपून सहा वर्षं झाली तरी मांस, साखर, चहा, गोळ्या-चॉकलेटं रेशनवर होती आणि रेशन पुरतं उठायला १९५४ उजाडलं. अशा दिवसांत, ३ मे १९५१ ला, राजे सहावे जॉर्ज यांनी सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या पायऱ्यांवरून उत्सव सुरू झाल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी थेम्सच्या दक्षिण काठावरच्या, म्हणजे साउथ बँकवरच्या, २७ एकरांवरचं मुख्य प्रदर्शन लोकांना खुलं झालं. तिकीट ५ शिलिंग. सप्टेंबरअखेरपर्यंत सुमारे ८५ लाख लोक येऊन गेले. पावसाळी संध्याकाळी लोक रेनकोट घालून उघड्यावर जोडीने नाचत असत. ऑक्टोबरच्या शेवटी निवडणूक झाली, मजूर पक्ष हरला, चर्चिल परत पंतप्रधान झाले आणि मांडव उतरवायला सुरुवात झाली.

काय उरलंय, आणि ते कुठल्या जातीचं आहे

ताईने आखणी करताना एक नियम घातला. प्रत्येक थांब्यावर आधी सांगायचं की समोर दिसतंय ते नेमकं काय आहे: त्याच जागी असलेली मूळ वस्तू, दुसरीकडे हलवलेली मूळ वस्तू, नंतर केलेली प्रतिकृती, नुसतं उरलेलं नाव, की काहीच नाही. मला आधी हे जरा मास्तरकीचं वाटलं. पण साउथ बँकवर फिरताना या पाच गोष्टींची सरमिसळ इतकी सहज होते की हा नियम नसता तर लोक घरी जाऊन भलतंच सांगत बसले असते.

वॉटर्लू स्टेशनात जमलो. तिथेच पहिला अवशेष आहे आणि शेजारून रोज जाणाऱ्या आमच्या गटातल्या दोघांनी तो कधी पाहिलेला नव्हता. ‘द सनबेदर्स’, म्हणजे ऊन खात पसरलेल्या दोन आकृत्या, हंगेरीतून आलेले शिल्पकार पीटर पेरी यांनी रंगीत काँक्रीटमध्ये घडवलेल्या. १९५१ मध्ये त्या स्टेशनाकडच्या प्रवेशद्वारापाशी भिंतीवर आडव्या बसवलेल्या होत्या, जणू भिंत म्हणजेच वाळूचा किनारा. उत्सवानंतर त्या गायब झाल्या. हरवलेल्या सार्वजनिक शिल्पांचा शोध हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या संस्थेने हाती घेतला तेव्हा त्या ब्लॅकहीथमधल्या एका हॉटेलच्या बागेत मोडक्या अवस्थेत सापडल्या. लोकवर्गणीतून डागडुजी झाली, २०१७ मध्ये त्या रॉयल फेस्टिव्हल हॉल या उत्सवासाठी बांधलेल्या संगीत सभागृहात लोकांपुढे आल्या आणि आता परत वॉटर्लूला आहेत. वस्तू मूळची, जागा जवळपासची, मधली साठेक वर्षं मात्र गहाळ. ताईच्या पाच खणांपैकी एकातही ती नीट बसेना, आणि खण कशासाठी आहेत हे पहिल्याच थांब्यावर लोकांच्या लक्षात आलं.

तिथून यॉर्क रोडने वेस्टमिन्स्टर पुलाकडे. पुलाच्या या टोकाला पांढरा सिंह आहे, त्याच्यासमोर पर्यटकांचे फोटो चाललेले असतात. हा सिंह १८३७ चा, कोड स्टोन नावाच्या भट्टीत भाजलेल्या कृत्रिम दगडाचा. लायन ब्रुअरी या दारूभट्टीच्या माथ्यावर तो उभा होता. ती भट्टी १९४९ मध्ये फेस्टिव्हल हॉलसाठी जागा करायला पाडली, सिंह वाचवला, आणि उत्सवाच्या काळात तो लाल रंगात वॉटर्लू स्टेशनच्या दाराशी बसवला. १९६६ पासून तो पुलावर आहे. उत्सवाने स्वतः उभारलेलं फारसं उरलं नाही, पण उत्सवासाठी जे पाडलं त्याचा हा तुकडा ऐटीत बसलाय, ही मजा ताईने न सांगताच लोकांना कळली.

पुलाच्या पायऱ्या उतरून नदीकाठच्या रस्त्याला लागलो की ज्याच्यावरून चालतोय तोच सगळ्यात मोठा अवशेष आहे. युद्धाआधी हा काठ म्हणजे चिखल, धक्के आणि गोदामं. प्रदर्शनासाठी काउंटी हॉलपासून वॉटर्लू पुलापर्यंत नदीत नवी भिंत घातली, मागे भराव टाकला आणि काही एकर जमीन थेम्सकडून मिळवली. आज लाखो लोक आइस्क्रीम खात ज्या फरसबंद काठावरून फिरतात तो त्यातूनच आला. पण भिंतीचा फोटो कोण काढणार? आमच्यातल्या एका निवृत्त स्थापत्य अभियंता काकांनी मात्र कठड्यावरून वाकून वाकून ती बघितली आणि म्हणाले, “बाकी सगळं उचलून नेता येतं, ताई. भराव नेता येत नाही.”

मोकळ्या गवतावरचा थांबा

जुबिली गार्डन्स हा फेरीतला अवघड थांबा होता. लंडन आयच्या पायथ्याशी गवत, झाडं, बाकं. इथे ‘डोम ऑफ डिस्कव्हरी’ होता. राल्फ टब्ज यांनी आखलेला ॲल्युमिनियमचा घुमट, ३६५ फूट व्यासाचा, त्या वेळी जगातला सगळ्यात मोठा. आत जमीन, समुद्र, ध्रुव, आकाश, अंतराळ अशा विभागांतून ब्रिटिश संशोधनाची गोष्ट मांडलेली. आज त्याचं इथे काही नाही. मोडल्यावर या जागेवर कित्येक वर्षं मोटारी उभ्या राहायच्या. बाग झाली ती १९७७ मध्ये, राणीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त.

नुसता फोटो दाखवला असता तर लोकांनी माना डोलावल्या असत्या आणि लंडन आयकडे तोंड केलं असतं. ताईने वेगळं केलं. एका मुलाला एका टोकाला उभं केलं आणि बाकीच्यांना १११ मीटर पावलांनी मोजत नदीला समांतर चालायला लावलं. तो मुलगा लांबवर बोटभर दिसायला लागला तेव्हा ती म्हणाली, “आता वर बघा आणि इथपर्यंत एकही खांब नाही असं समजा.” कुणीतरी “बाप रे” म्हणालं. तेवढंच हवं होतं.

मग तिने पिशवीतून एक नाणं काढून हातोहात फिरवायला दिलं. १९५१ चं क्राउन, दर्शनी किंमत ५ शिलिंग, म्हणजे प्रदर्शनाच्या तिकिटाएवढी. ही नाणी त्या वेळी सुमारे २० लाख पाडली गेली, त्यामुळे आजही जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरून ड्रॅगनला तुडवणारा सेंट जॉर्ज, तोच नाणी कोरणाऱ्या पिस्त्रुची यांचा जुना साचा. खरी गंमत कडेला आहे. नाणं आडवं धरून फिरवलं की कडेवर लॅटिन अक्षरं लागतात, एकीकडे रोमन आकड्यांत १८५१ आणि दुसरीकडे १९५१, मध्ये ‘नागरिकांच्या उद्यमाने राज्य भरभराटीला येतं’ अशा अर्थाचं वाक्य. अक्षरं इतकी बारीक की काकूंनी चष्मा वर करून, नाणं नाकाशी नेऊन वाचली. या फेरीत उत्सवाची स्वतःची अशी हाताला लागलेली ही पहिली वस्तू, आणि ती त्या जागेवर नव्हे तर पिशवीत होती. मोकळ्या जागेवर फेरी नेणाऱ्याने खिशात काहीतरी बाळगावं, हे मी इथे शिकलो.

बागेच्या पलीकडे, हंगरफर्ड रेल्वे पुलाच्या अलीकडे, नदीलगत स्कायलॉन होता. पॉवेल आणि मोया या तरुण वास्तुविशारदांची कल्पना, फेलिक्स सॅम्युएली यांचं अभियांत्रिकी. दोन्हीकडे निमुळती होत गेलेली, सुमारे ९० मीटर उंचीची एक उभी आकृती, पोलादी तारांनी ताणून हवेत धरलेली. खालचं टोक लोकांच्या डोक्यावर अधांतरी, रात्री आतून दिवे. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेसारखंच याला कशाचाही दिसेल असा आधार नाही, हा विनोद तेव्हा सर्वतोमुखी होता.

स्कायलॉनबद्दल लंडनमध्ये दंतकथाच जास्त. ते नदीत बुडवलं, ली नदीच्या पात्रात पुरलं, कुणीतरी अख्खं लपवून ठेवलंय. पक्कं एवढंच की जॉर्ज कोहेन या भंगारवाल्या कंपनीने ते आणि घुमट घेतला, तुकडे केले, आणि त्या धातूतून कागद कापायच्या सुऱ्यांसारख्या आठवणीच्या वस्तू करून विकल्या. ताईने दंतकथा सांगितल्या, पण दंतकथा म्हणून. इथेच दुसरी नेहमीची कथा निघते: चर्चिल यांनी सूड म्हणून सगळं पाडलं. लोकांना ही आवडते, कारण तिला खलनायक आहे. तिच्यात तथ्यही आहे. नव्या सरकारचे बांधकाम मंत्री डेव्हिड एक्ल्स यांनी जागा साफ करण्यात जी तत्परता दाखवली ती निव्वळ कारकुनी नव्हती. मजूर पक्षाची एवढी ठळक निशाणी संसदेच्या समोरच्या काठावर ठेवण्याची हौस त्यांना नव्हती. पण फेस्टिव्हल हॉल सोडला तर तिथलं जवळजवळ काहीही कायमचं म्हणून बांधलेलंच नव्हतं. मजूर पक्ष निवडून आला असता तरी घुमट फार वर्षं टिकला असता असं मला वाटत नाही. स्कायलॉन कदाचित. हे दोन्ही सांगितल्यावर गटात जोराची चर्चा झाली आणि फेरी बरीच रेंगाळली. रेंगाळू दिली ते बरं झालं.

पेटीतलं अंडं

रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या आत जायच्या आधी ताईने सगळ्यांना हंगरफर्ड पुलाखाली थांबवलं. चेरिंग क्रॉसला जाणारी गाडी डोक्यावरून धडधडत गेली, बोलणं बंद. मग ती म्हणाली, “या आवाजाला लागून देशातलं मुख्य संगीत सभागृह बांधायचंय. कसं बांधाल?”

लेस्ली मार्टिन, रॉबर्ट मॅथ्यू आणि पीटर मोरो यांच्या लंडन काउंटी कौन्सिलच्या चमूने याचं उत्तर काढलं ते असं: सभागृह जमिनीवर ठेवायचंच नाही. ते उचलून वर घ्यायचं, दुहेरी भिंतींत बसवायचं, आणि त्याच्या भोवती व खाली जिने, गच्च्या, मोकळे फोयर यांचं कवच घालायचं. पेटीत अंडं ठेवावं तसं, असं त्याचं वर्णन करतात. ध्वनीच्या अडचणीतून निघालेल्या या युक्तीचा दुसरा फायदा जास्त मोठा ठरला. सभागृह वर गेल्यामुळे खालची सगळी जागा माणसांना मिळाली. १९८३ पासून हे फोयर तिकिटाशिवाय दिवसभर उघडे असतात. आम्ही गेलो तेव्हा एका कोपऱ्यात शाळकरी मुली नाच बसवत होत्या, खिडकीशी लोक लॅपटॉप उघडून बसले होते, आणि आमच्या मंडळींनीही डबे काढले. कुणी काही बोललं नाही. आतला आवाज मात्र संगीतकारांना कोरडा वाटायचा, म्हणून १९६४ मध्ये तिथे विजेच्या यंत्रणेने घुमारा वाढवण्याची सोय केली होती. २००५ ते २००७ च्या मोठ्या दुरुस्तीत ध्वनीचं काम नव्याने झालं.

ताईच्या नियमाचा सगळ्यात जास्त उपयोग याच इमारतीत झाला. समोर उभं राहिलं की वाटतं, चला, हे तरी अस्सल १९५१. पण नदीकडचा दर्शनी भाग १९६० च्या दशकात पुढे वाढवून नव्याने बांधलेला आहे. पोस्टकार्डावर येतो तो चेहरा उत्सवाचा नव्हे. १९५१ बघायचं तर आत जायचं, जिन्यांकडे आणि भिंतींकडे. भिंतींवर डर्बीशायरचा चुनखडक लावलाय, त्यात समुद्री प्राण्यांचे जीवाश्म जागोजाग दिसतात: छोट्या चकत्या, तुटलेल्या माळेचे मणी विखुरल्यासारखे. ही क्रिनॉइड नावाच्या प्राण्यांच्या देठांची कापं. आमच्यातल्या मुलांनी बाकीची वास्तुकला सोडून पुढचा वेळ भिंतीला नाक लावून ते शोधण्यात घालवला. १९८८ मध्ये या इमारतीला पहिल्या श्रेणीचं संरक्षण मिळालं, युद्धानंतर बांधलेल्या इमारतींमध्ये सर्वप्रथम.

डबे खाताना काकांनी सकाळपासून मनात असलेलं विचारलं. “अहो ताई, सगळं ऐकलं. पण १९५१ मध्ये आपल्याला स्वातंत्र्य मिळून चारच वर्षं झालेली. या सगळ्यात आपण कुठे?”

ब्रिटिश गाइड सहसा या प्रश्नापाशी थांबत नाही, आणि मराठी गटाची फेरी वेगळी पडते ती इथे. १९२४-२५ च्या वेम्बली प्रदर्शनाचं नावच ‘ब्रिटिश एम्पायर एक्झिबिशन’ होतं. तिथे भारताची स्वतंत्र इमारत होती. १९५१ च्या साउथ बँकवर साम्राज्य जवळजवळ नाहीच. नदीच्या वरच्या अंगाला ‘ब्रिटनची भूमी’, खालच्या अंगाला ‘ब्रिटनचे लोक’, अशी बेटाची आत्मकथा. घुमटातही शोध लावणारे आणि दर्यावर्दी होते, पण ज्यांच्या भूमीचे ‘शोध’ लागले ते लोक नव्हते. हे विसरून झालं असं मला वाटत नाही. जे हातातून गेलं त्याविषयी बोलायची तयारी नव्हती, म्हणून घराच्या आत वळून बघितलं.

तरी दोन धागे आहेत आणि ताईने दोन्ही सांगितले. जुलै १९५१ मध्ये त्रिनिदादहून टास्पो हा स्टील बँड आला आणि तेलाची पिंपं ठोकून घडवलेली वाद्यं त्याने याच साउथ बँकवर वाजवली. त्यातले स्टर्लिंग बेटनकोर्ट परत गेले नाहीत, आणि पुढे ब्रिटनमध्ये ते वाद्य रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. उत्सवाच्या आराखड्यात जे नव्हतं ते असं बाजूने आत शिरलं. दुसरा धागा थेट आपल्याकडे येतो. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या वास्तुविशारद जोडप्याने साउथ बँकवर नदीकाठचं एक रेस्तराँ आखलं होतं. त्याच १९५१ मध्ये हे दोघं ल कोर्बुझिएबरोबर चंदीगडच्या कामाला लागले आणि तिथली घरं, शाळा, दवाखाने आखण्यात त्यांची पुढची वर्षं गेली. लंडनमधलं त्यांचं रेस्तराँ गेलं. चंदीगडचे सेक्टर आहेत. काकांनी तिथे नोकरी केली होती, त्यामुळे पुढचा थांबा येईपर्यंत तेच बोलत होते.

पुढचं भराभर. वॉटर्लू पुलाखालचं बीएफआयचं (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं) चित्रपटगृह हे उत्सवातल्या ‘टेलिकिनेमा’चं वंशज. वेल्स कोट्स यांनी बांधलेल्या त्या इमारतीत त्रिमित चित्रपट दाखवत. १९५२ मध्ये ती नॅशनल फिल्म थिएटर झाली, १९५७ मध्ये संस्था पुलाखाली गेली आणि मूळ इमारत पाडली. नॅशनल थिएटरची कोनशिला उत्सवाच्या वेळी फेस्टिव्हल हॉलशेजारी तेव्हाच्या राणीच्या, म्हणजे सहाव्या जॉर्ज यांच्या पत्नीच्या, हस्ते बसवली होती. थिएटर उघडलं १९७६ मध्ये आणि तेही पुलाच्या पलीकडे. शिलेलाही प्रवास घडला. त्याच थिएटरबाहेर फ्रँक डॉब्सन यांचं ‘लंडन प्राइड’, दोन बसलेल्या स्त्रिया. उत्सवात ते प्लास्टरचं होतं, समोर आहे तो १९८७ चा ब्राँझ ओतीव. ‘फेस्टिव्हल पिअर’ हा बोटींचा धक्का आणि फेस्टिव्हल हॉलमधलं ‘स्कायलॉन’ नावाचं रेस्तराँ, ही नुसती नावं. बॅटरसी पार्कात उत्सवाची करमणूक-बाग होती, तिथले कारंजे आणि बगीच्याची काही मांडणी अजून आहे, पण ती वेगळ्या दिवसाची गोष्ट.

पॉपलरला जायचं की नाही

इथे गटात मतभेद झाला आणि माझ्या मते या प्रकरणातला मुख्य निर्णय हाच होता. साउथ बँकवर फेरी संपवली तर ती छान संपते: नदी, सूर्यास्त, कॉफी. ताईचा आग्रह होता की अजून अर्धी फेरी बाकी आहे आणि ती पूर्व लंडनमध्ये, पॉपलरला आहे. ज्युबिली लाइनची मेट्रो, मग डीएलआर ही हलकी रेल्वे, आणि ऑल सेंट्स स्टेशनात उतरायचं. पाय दुखत होते. बरेच जण घरी गेले.

जे गेले नाहीत त्यांनी लान्सबरी इस्टेट पाहिली. बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या पॉपलरमध्ये लंडन काउंटी कौन्सिलने नवी वस्ती बांधायला घेतली होती. वास्तुविशारद फ्रेडरिक गिबर्ड यांनी सुचवलं की नमुन्याची घरं उभारून पाडण्यापेक्षा खरी वस्तीच प्रदर्शन म्हणून दाखवा. तेच झालं: ‘लाइव्ह आर्किटेक्चर’ प्रदर्शन. घरं, शाळा, चर्च, बाजारपेठ, आणि शेजारी अर्धवट बांधकामं सुरूच. नाव जॉर्ज लान्सबरी यांचं. १९२१ मध्ये गरीब बरोवर (शहराच्या प्रशासकीय विभागावर) लादलेल्या करांविरुद्ध बंड करून तुरुंगात गेलेले पॉपलरचे नगरसेवक, आणि पुढे मजूर पक्षाचे नेते.

साउथ बँकला ८५ लाख लोक गेले, इथे लाखभरही फिरकले नाहीत. समीक्षकांनाही फारसं आवडलं नाही. पिवळसर विटा, स्लेटची छपरं, दोन-तीन मजली घरं, मधून हिरवळ, यात बघण्यासारखं काय? पण प्रदर्शनातल्या वस्तूंपैकी लोकांच्या रोजच्या वापरात सगळ्यात जास्त राहिली ती हीच. ताईच्या नियमात पहिल्या खणात, त्याच जागी असलेल्या मूळ वस्तूच्या खणात, संपूर्ण वस्तीच्या वस्ती बसते हे इथे पहिल्यांदा दिसलं.

मधोमध ख्रिस्प स्ट्रीट मार्केट. गिबर्ड यांनीच आखलेला, गाड्यांना मज्जाव असलेला बाजारचौक, ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या पादचारी बाजारपेठांपैकी एक. कडेला ‘फेस्टिव्हल इन’ हा पब, नाव उत्सवाचंच. चौकात घड्याळाचा मनोरा, त्यात एकमेकांत गुंफलेले दोन जिने: चढणारे एकाने चढतात, उतरणारे दुसऱ्याने उतरतात, वाटेत भेट नाही. मनोऱ्याची चौकट उघडी असल्यामुळे खालून बघितलं तरी दोन्ही जिने नागमोडी वर जाताना दिसतात. काका तिथेही वाकून, मान तिरकी करून जिना कुठून कुठे जातो ते बोटाने हवेत काढत होते. मनोऱ्याखाली भाजीचे गाळे. पॉपलरमध्ये आता बांगलादेशी वस्ती मोठी, त्यामुळे कारलं, दुधी, लाल माठ, ताजी मासळी असं सगळं मांडलेलं. आमच्यातल्या दोघींनी फेरी तिथेच सोडून पिशव्या भरल्या.

एका बाकावर बसलेल्या मराठी जोडप्याचा वाद मी ऐकला. नवरा म्हणत होता, यात वारसा काय, ही तर साधी सरकारी कॉलनी. बायकोचं म्हणणं होतं की आपल्या लहानपणीच्या हाउसिंग बोर्डाच्या चाळींची अशी फेरी कुणी काढली असती तर आपण गेलो असतो का? दोघांचं पटलं नाही. मला तो वाद फेरीतल्या कुठल्याही माहितीपेक्षा मोलाचा वाटला, कारण तो साउथ बँकवर होऊच शकला नसता. तिथे सगळे कौतुकच करत होते.

माझं मत स्पष्ट आहे. फक्त साउथ बँक दाखवणारी फेरी उत्सवाची त्याच्या स्वतःच्या जाहिरातीइतकीच भलावण करते. स्कायलॉन आणि घुमट ही दिखाऊ बाजू. १९५१ च्या सरकारला जे सांगायचं होतं ते असं: युद्धात पडलेली घरं परत बांधू, शाळा बांधू, माणसं नीट राहतील अशी पेठ बांधू. तो दावा कितपत खरा ठरला हे तपासायची जागा पॉपलरच आहे. आणि ती फार दिवस अशी राहणार नाही. ख्रिस्प स्ट्रीटच्या पुनर्विकासाला मंजुरी मिळाली आहे. उंच इमारती येतील, मनोरा राहील, बाकीचं बरंच बदलेल.

म्हणून पुढच्या खेपेसाठी आखणी बदलली. एकाच दिवसात दोन्ही करायचं नाही. पॉपलरची फेरी आधी, शनिवारी सकाळी, बाजार भरलेला असताना. स्थानिक वाचनालयात जुने नकाशे बघायची परवानगी मिळते का याची चौकशी ताईने सुरू केली आहे. साउथ बँक त्यानंतरच्या आठवड्यात, उतरत्या दुपारी, म्हणजे फोयरमध्ये बसायला जागा मिळते. नाणं दोन्ही फेऱ्यांना बरोबर असेल. पॉपलरच्या फेरीला येणाऱ्यांनी मोठी पिशवी आणावी, अशी सूचना काकूंनी गटावर आधीच टाकली आहे.